कलम चार मी स्वतः खोडले आहे

लिहून ठेवणार: सौ. कावेरी अरविंद सावे, वय चौपन्न, व्यवसाय वार्ताहर, माहेर केळवे, राहणार सिल्वासा.

हे मृत्युपत्र मी आज रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर, वरणभात जेवून आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाबद्दल तसे म्हणवत नाही, पण कायदा फक्त बुद्धीच शाबूत मागतो, याची खात्री मी वकिलांकडून करून घेतली आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यजमानांनी थोडा आणून पाहिला. त्यांना चहा करायला पाठवले आहे.

वकिलांनी दिलेला नमुना दीड पानांचा होता. त्यात पहिलेच वाक्य ‘मनुष्यदेह नश्वर आहे’ असे होते. ते मी काढले. आजवर कोणी त्याला हरकत घेतल्याचे ऐकलेले नाही, तेव्हा त्यात बातमी नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असेल आणि आमच्या घरात ठेवले असेल, तर ते कोणाला सापडायचे नाही, सबब ते रद्द समजावे.

१. हे आत्ताच का लिहिते, ते आधी नोंदवते. ऑगस्टमध्ये अथालच्या एका शाळेत वृक्षारोपणाची बातमी घेत असताना माझी छाती एकाएकी फडफडू लागली. प्रमुख पाहुण्यांचे भाषण चालू होते आणि ते असे होते की उत्साहाने काळीज उडाले असेल, अशी शंकाही कोणाला येऊ नये. मी खुर्चीत बसल्या बसल्या कलले. पाहुण्यांना वाटले, मी मान डोलावते आहे. ते आणखी बोलले.

पुढे सुरतेच्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवले. वरच्या दोन कप्प्यांचा ताल बिघडला आहे. त्या कप्प्याला मराठीत अलिंद म्हणतात, आणि संस्कृतात अलिंद म्हणजे घरापुढचा ओटा, हे मी डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, “असं का? छान.” आणि पुन्हा चित्राकडे वळले. मी आपले असे समजून घेतले की ओट्यावर गोंधळ माजला आहे, आत स्वयंपाकघर अजून चालू आहे.

“गोळ्यांनी आटोक्यात राहत नाहीये,” डॉक्टर म्हणाले. “मांडीतून तार नेऊन आतल्या चुकार जागा डागायच्या. दोन दिवसांत घरी. फार लांबवू नका. रक्त साकळून गुठळी मेंदूत गेली की लकवा.”

“फार म्हणजे किती?”

“दिवाळी करा. तुळशीचं लग्न लावा. मग या.”

खर्च चार लाख ऐंशी हजार. दिवाळी झाली. तुळशीचे लग्नही लागले. म्हणून हे लेखन.

२. आता विमा. यजमानांचा गटविमा होता, तो खडोलीच्या सूत कारखान्यातून ते निवृत्त झाले त्या दिवशी पुष्पगुच्छाबरोबर सुकला. सरकारी योजनेच्या यादीत आम्ही बसत नाही. मात्र तीन वर्षांपूर्वी श्री. ललित टंडेल यांनी आमच्याच सोफ्यावर बसून, चार बेसनाचे लाडू खाऊन, मला एक आरोग्य विमा काढून दिला होता. तेव्हा मला सर्दीपलीकडे काही होत नव्हते आणि अर्जात मी तसेच खरे लिहिले.

सप्टेंबरात रुग्णालयाने कंपनीकडे मंजुरी मागितली. कंपनीने एक तपासनीस पाठवला. सज्जन माणूस. पाणी प्याला, चहा घेतला, भिंतीवरचे फोटो पाहिले आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही लेखिका आहात ना? काही वाचायला मिळेल?”

इथे माझा घात झाला. चौदा वर्षे मी आमच्या दैनिकात ‘सिल्वासा वार्तापत्र’ लिहिते, आणि इतक्या वर्षांत माझी कात्रणे कोणी आपणहून मागितली नव्हती. घरच्यांनी तर नाहीच. मी दोन्ही बाडे काढली. तो माणूस दीड तास वाचत होता. मध्येमध्ये हसत होता. एका लेखावर त्याने माझी सही मागितली. मी ‘रसिक वाचकास, सप्रेम’ असे लिहून दिली, आणि तो गेल्यावर यजमानांना म्हणाले, “बघा, कंपनीत अशीही माणसं असतात.”

तो लेख सहा वर्षांपूर्वीचा होता. कारखान्यांकडे जाणाऱ्या एका रस्त्याच्या खड्ड्यांवर. त्यात मी लिहिले होते: ‘या रस्त्याने रोज जाऊन प्रस्तुत वार्ताहराचे हृदय तिसरा ठोका हमखास चुकवते. हा विकार गेली चार वर्षे असून संबंधितांनी त्याची दखल घेतलेली नाही.’

संबंधितांनी तेव्हाही घेतली नाही. खड्डे तसेच राहिले. वाचकांनी पत्रे पाठवली नाहीत. संपादकांनी तर शेवटचा परिच्छेद कापला होता. पण कंपनीने दखल घेतली. पत्र आले की अर्जदारास हृदयाच्या ठोक्यांचा विकार विमा घेण्यापूर्वीपासून होता, तो तिने लपवला. पुरावा म्हणून तिचीच लेखी कबुली, स्वाक्षरीसह, जोडली आहे. ‘सप्रेम’ हा शब्दही छायाप्रतीत स्वच्छ आला आहे.

माझ्या लिखाणावर अक्षरन् अक्षर विश्वास ठेवणारा पहिला वाचक मला असा लाभला. विनोद होता, असे मी कंपनीला कळवले. त्यांनी उत्तर दिले की अर्जदाराने तसे लेखात कोठेही नमूद केलेले नाही. विमा लोकपालांकडे तक्रार केली आहे. निकाल कधी लागेल, सांगता येत नाही.

३. आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट उभयतांच्या नावे आहे. त्यातला माझा अर्धा हिस्सा यजमानांना, म्हणजे अरविंद यांना द्यावा. अट एकच. कारखान्याच्या स्टोअरमधून निरोप म्हणून त्यांना सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे रिकामे कोन मिळाले, पोतेभर. त्यांची त्यांनी फुलदाणी केली, दिव्याची बैठक केली, मोरीतल्या ब्रशाचे घर केले. उरलेले बाल्कनीत आहेत. माझ्या पश्चात ते माझ्या अर्ध्या हिश्श्यात येऊ नयेत. आपल्या अर्ध्यात त्यांनी खुशाल रचावेत.

~~४. केळव्याच्या वाडीतला माझा वाटा भावांनी विकत घेतला, त्याचे सहा लाख रुपये बँकेत मुदतठेवीत आहेत. ही संपूर्ण ठेव माझी कन्या सायली हिला, तिच्या स्वतःच्या फिजिओथेरपी केंद्रासाठी द्यावी. लोकपालांचा निकाल येईपर्यंत मी उपचार पुढे ढकलत असून, निकाल विरुद्ध गेल्यास गोळ्यांवरच भागवावे, असे मी विचारपूर्वक ठरवले आहे. हृदय चौपन्न वर्षे वापरलेले आहे. मुलगी सव्वीस वर्षांची आहे. जुन्या वस्तूच्या दुरुस्तीवर नवीन वस्तूचे पैसे घालू नयेत. ही ठेव माझ्या हयातीत कोणत्याही कारणास्तव मोडू नये.~~

५. माझी संस्कृत पुस्तके. ही बाबांची, ते केळव्याच्या शाळेत संस्कृत शिकवत आणि माझ्या लग्नात आहेर म्हणून त्यांनी ट्रंक भरून हीच दिली. सासरी ट्रंक उघडल्यावर जी शांतता पसरली, ती मला अजून ऐकू येते. ही पुस्तके इथल्या मराठी शाळेच्या ग्रंथालयाला द्यावीत, संस्कृत-मराठी शब्दकोश धरून. तो शब्दकोश सध्या याच शाळेचे शिक्षक श्री. तुषार परुळेकर यांच्याकडे ‘दोन दिवसांसाठी’ आहे. दोन दिवसांसाठी नेला तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते.

वकील सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही लाभ ठेवू नये, त्यावरून पुढे वाद होतात. हा मोठा उपयुक्त नियम आहे. सबब परुळेकर सरांना मी साक्षीदार नेमत आहे. शब्दकोश आता त्यांना परत करावा लागेल. दुसरे साक्षीदार श्री. ललित टंडेल. त्यांना माझ्याकडून चार लाडू पूर्वीच मिळालेले आहेत.

६. पितळेचा मोठा टोप बायडाबाईंना द्यावा. त्या रांध्याहून येतात आणि अकरा वर्षे आमचे स्वयंपाकघर सांभाळतात. आमच्यात एकच वाद आहे: नागलीची भाकरी मी थापते ती भाकरी नव्हे, असे त्यांचे म्हणणे. हे कलम मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले.

“बाई, देनारच हाये तर आताच द्या ना,” त्या म्हणाल्या. “तुमी गेल्यावर घरात मानसं येतील, रडतील. मी टोप कुठं शोधत बसू?”

“अहो, मग मला भात कशात शिजवायचा?”

“तुमाला डॉक्टरनं भात कमी कराया सांगितलाय.”

टोप आज संध्याकाळी रांध्याला जात आहे. हे कलम माझ्या हयातीतच अंमलात आले, अशी नोंद घ्यावी.

७. माझे एक भांडण आहे, कंपनीशी, वर सांगितले ते. ही माझी सर्वांत चांगल्या स्थितीतली मालमत्ता. ती माझी नणंद सौ. वैशाली हिला, राहणार बोईसर, पूर्ण हक्काने द्यावी.

वन्संचे आणि माझे बरे नाही, हे नातेवाइकांना ठाऊक आहे. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, “मुलगी शिकलेली आहे, पण पोळी बघून तसं वाटत नाही.” हे वाक्य मी माफ केलेले नाही. वाक्य म्हणून ते चांगले आहे, एवढे मान्य करते. पण भांडणात वन्संचा हात धरणारा मी पाहिलेला नाही. एका घरघंटीच्या कंपनीशी त्या तीन वर्षे ग्राहक मंचात लढल्या, जिंकल्या, नवी घरघंटी मिळवली आणि दुसऱ्या दिवशी विकून टाकली. पीठ त्या पूर्वीपासून गिरणीतूनच आणत.

वारसाला आधी विचारावे म्हणून मघाशी फोन केला.

“वहिनी, कंपनीचं पत्र मला व्हॉट्सअपवर पाठवा,” वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका प्रसन्न कधी ऐकला नव्हता. “आणि बिलं जपा. डिस्चार्जचा कागद, औषधांच्या पावत्या, सगळं. एक चिठ्ठी हरवलीत तर बघा.”

“कसली बिलं? अजून काही केलंच नाही. निकाल लागल्यावर बघू.”

पलीकडे त्यांनी पंखा बंद केला.

“म्हणजे खर्चच केला नाहीत? मग मी मागू काय त्यांच्याकडे? न झालेल्या ऑपरेशनचे पैसे? आधी करून घ्या. मग मी आहे आणि ते आहेत.”

“आणि वन्सं, पैसे परत नाहीच मिळाले तर?”

“माझ्याकडून हरायचं ठरवूनच मला देताय का हे? तर मला नको. तुमची पितळेची भांडी द्या त्यापेक्षा.”

टोप दिल्याचे मी त्यांना सांगितलेले नाही.

८. दैनिकाच्या संपादकांस विनंती. माझ्या निधनाची बातमी एक कॉलम, फोटो असल्यास केळव्याच्या वाडीतला. आधार कार्डावरचा नको, त्यात मी संशयित दिसते. ‘अल्पशा आजाराने’ असे छापू नये, विमा कंपनीच्या मते तो दहा वर्षांचा आहे. ‘हृदयविकाराचा झटका’ असेही छापू नये. ताल बिघडणे वेगळे आणि झटका वेगळा, हे मी तीन लेखांत समजावले आणि तिन्ही वेळा मथळ्यात झटकाच आला. ‘पोकळी निर्माण झाली’ असे कोणीही म्हणू नये. रस्त्यातल्या पोकळ्यांबद्दल मी एकदा लिहिले आणि त्याचे काय झाले, ते वर आहेच.

माझे दिवस साधेपणाने करावेत. भाषणे ठेवू नयेत. ठेवलीच, तर अथालचे ते प्रमुख पाहुणे नकोत.

९. इथवर लिहून झाले आणि चहा अजून आला नाही, हे माझ्या लक्षात आले. चहाला गेलेला माणूस पाऊण तास स्वयंपाकघरात काय करतो? मी उठणार तेवढ्यात सायलीचा फोन. ती पुण्याला एका रुग्णालयात नोकरी करते. रविवारी ती या वेळी झोपलेली असते.

“आई, कलम चार वाचलं.”

मी बैठकीत पाहिले. अरविंद कपबशी घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, अगदी भिंतीच्या रंगाचे होऊन उभे होते. मी बायडाबाईंशी टोपावरून बोलत असताना त्यांनी पानाचा फोटो काढून पाठवला होता. आयुष्यभर स्टोअरमधून एक रीळ कधी बाहेर जाऊ दिले नाही या माणसाने, आणि घरातून सबंध पान बाहेर काढले.

“मसुदा आहे तो,” मी म्हणाले. “आणि मृत्युपत्र हयातीत वाचायचं नसतं.”

“भाषा छान आहे. ‘जुन्या वस्तूची दुरुस्ती’ वगैरे. मी काय काम करते, आठवतंय ना तुला?”

“फिजिओथेरपी.”

“लकव्याचे पेशंट चालवते, आई. रोज. आज सकाळीही एक आजी होत्या, तुझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. हीच फडफड, हेच ‘बघू नंतर’. मी त्यांना चमचा धरायला शिकवते आहे. तू माझ्यासाठी सेंटर काढून देणार, आणि त्यात पहिली पेशंट म्हणून तूच येणार, असा बेत आहे का? तुझ्याकडून मी फी घेऊ शकत नाही. धंदा पहिल्या दिवशीच बसेल माझा.”

मला हसू आले. मग आले नाही.

“पैसे तुझे आहेत,” मी म्हणाले.

“बरं, माझे ना? मग मिळाल्यावर मी ते तुझ्या ऑपरेशनला लावीन. तेव्हा तू नसशील, एवढीच काय ती अडचण. आणि सेंटर मी कर्ज काढून काढीन, बँका त्यासाठीच असतात. बाबांना फोन दे.”

बाबांना फोन दिला. बाबा फक्त “हो”, “हो”, “गुरुवार” आणि “अडव्हान्स भरलाय” एवढेच बोलले. कसला अडव्हान्स, कधी भरला, असे विचारता ते म्हणाले, “शुक्रवारी. तू बाजारात गेली होतीस तेव्हा. माझ्या खात्यातून. थोडाच आहे. नाही म्हणाली असतीस, तर बुडाला असता.”

“आणि मला कधी सांगणार होतात?”

“तू मृत्युपत्र लिहायला बसलीस. म्हटलं, आधी पुरं होऊ दे. रंगात आली होतीस.”

सबब मी, कावेरी अरविंद सावे, वरील कलम चार स्वतःच्या हाताने, एका रेघेत, खालचे वाचता येईल असे खोडत आहे. वाचता येईल असे अशासाठी, की पुढे कधी मी शहाणपणाच्या गोष्टी सांगू लागले तर सायलीने ते पान माझ्यासमोर धरावे.

१०. खोडलेल्या कलमाऐवजी असे वाचावे: सहा लाखांची मुदतठेव मी उद्या, सोमवारी, मुदतीआधी मोडत आहे. व्याजाचे थोडे नुकसान होईल. ते माझ्या विनोदी लेखनाच्या खर्चात धरावे. ठेवीतून सुरतेच्या रुग्णालयाचे बिल द्यावे आणि यजमानांचा अडव्हान्स त्यांना परत करावा. उरेल ते सायलीला, आणि कंपनीकडून जे येईल तेही तिलाच, कारण वन्सं ते आणल्याशिवाय राहणार नाहीत. आल्यास वन्संना एक चांगली साडी घ्यावी. पोळीचे वाक्य तरीही माफ नाही.

११. मी गुरुवारी सुरतेच्या रुग्णालयात जाऊन शनिवारी घरी परतले तर हे मृत्युपत्र माझ्या हाती द्यावे; कलम पाचमधली भाषा सुधारायची आहे. परुळेकर सरांनी शब्दकोश मी परतल्यास परत करावा, न परतल्यासही करावा.

साक्षीदार संध्याकाळी पाचला आले. साक्षीदारांनी मजकूर वाचायचा नसतो, फक्त मला सही करताना पाहायचे असते, हे मी दोघांना समजावून पाने उलटी ठेवली.

“कावेरीबेन, मारू नाम आहे का यात?” ललितभाईंनी विचारले. “कलम दोनमध्ये वगैरे?”

“तुम्हाला कसं कळलं कलम दोन?”

“अरविंदभाईंनी फोटो मोकल्या ना.”

परुळेकर सरांनी पिशवीतून शब्दकोश काढून टेबलावर ठेवला. त्यात खूण म्हणून बसचे तिकीट होते; तिकिटावरचे जुने भाडे आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने पाहिले. फोटो त्यांनाही गेला होता. माझ्या एकाही वार्तापत्राचा इतका खप झालेला नाही.

कारखान्यात सूत चांगले की वाईट, हे अरविंद धागा चिमटीत धरून ओळखत. ऑगस्टपासून ते रोज सकाळी माझे मनगट तसेच धरतात, डोळे मिटतात, आणि चहा ठेवायला जातात. आज त्यांनी मनगट सही करतानाच धरले, आणि तेही उजवे. मी सोडा म्हणाले, दोन साक्षीदारांदेखत म्हणाले. सोडत नाहीत. खालची सही वेडीवाकडी आलेली दिसल्यास कंपनीने तो माझा विकार समजू नये. तो हात त्यांचा आहे.

सही: कावेरी अरविंद सावे

आम्हा दोघांसमोर, आणि एकमेकांसमोर, सौ. सावे यांनी सही केली. कलम चार खोडल्याच्या जागी त्यांची आद्याक्षरे आहेत.

साक्षीदार:
१) ललित टंडेल, विमा सल्लागार, सिल्वासा. (लाडू तीन होते.)
२) तुषार परुळेकर, शिक्षक, सिल्वासा. शब्दकोश जमा केला.

स्थळ: सिल्वासा
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५